माळ्यावर गेलेली दुर्बीण

दिवाळीला, वाढदिवसाला किंवा दहावीच्या निकालानंतर मुलांना दुर्बीण भेट देणारी घरे आपल्या समाजात आता पुष्कळ आढळतात. पंधरा-वीस हजार रुपये मोजून आणलेले ते उपकरण पहिल्या रात्री साऱ्या घराला गच्चीवर एकत्र आणते. चंद्रावरील विवरे पाहून आजीपासून नातवापर्यंत सारे हरखून जातात. पुढच्या वेळी शनीची कडी पाहायची म्हणून मुले हौसेने बसतात. पण दिसतो तो एक फुगीर, थरथरणारा, धुरकट ठिपका. चाके फिरवून पाहिली जातात, ठिपका लहानमोठा होतो, कडी मात्र दिसत नाहीत. दोन-तीन रात्री असेच घडले की ‘माल हलका निघाला’ असा निर्णय होतो आणि दुर्बीण खोक्यासह माळ्यावर जाते.

यात पैसा वाया जातो हे खरेच, आणि व्यापारी घराला तेवढी खंतही पुरेशी असते. परंतु त्याहून मोठी हानी निराळी आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या मनात जागे झालेले कुतूहल त्या खोक्यात बंद होते, आणि एखादी गोष्ट पहिल्या प्रयत्नात साधली नाही तर ती सोडून द्यावी, असा धडा त्याला घरातच मिळतो. वास्तविक बहुतेक वेळा दोष दुर्बिणीचा नसतो. तिचा फोकस नीट साधलेला नसतो, किंवा साधलेला फोकस टिकवता आलेला नसतो. या दोन्ही गोष्टी शिकता येतात, आणि त्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही.

खोक्यावरचे आकडे

प्रथम खोक्यावरील जाहिरातीकडे सावधपणे पाहावे. ‘५२५ पट मोठे’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. दुर्बिणीच्या आरशाचा किंवा मुख्य भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर असेल, त्याच्या साधारण दुप्पट पटींपर्यंतच बिंब मोठे करण्यात अर्थ असतो. ६० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीची मर्यादा त्यामुळे १२० पट एवढीच ठरते. त्यापुढे बिंब मोठे होते, पण त्यातील तपशील वाढत नाही. धूसरपणा तेवढा वाढतो. हवेच्या अस्थिरतेमुळे पुष्कळ रात्री तर या मर्यादेच्या निम्म्यावरच समाधान मानावे लागते.

दुर्बीण किती पट मोठे दाखवते याचा हिशेब सोपा आहे. मुख्य आरशाच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागावे. आरशाचे नाभीय अंतर १२०० मिलिमीटर असेल, तर २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेने ४८ पट आणि १० मिलिमीटरच्या नेत्रिकेने १२० पट मोठे दिसते. ४८ पटींतही शनीची कडी ओळखू येतात. म्हणून आरंभ नेहमी मोठ्या आकड्याच्या, म्हणजे कमी पटींच्या नेत्रिकेने करावा. वस्तू सापडली, तिचा फोकस साधला, की मगच लहान आकड्याची नेत्रिका बसवावी. सोबत मिळालेले पटी वाढवणारे जोडभिंग सुरुवातीचे काही आठवडे खोक्यातच राहू द्यावे.

कागदाहून पातळ जागा

ताऱ्याकडून येणारे किरण आरशावरून परतून एका ठिकाणी एकवटतात. नेत्रिका त्या ठिकाणाशी अचूक जुळली की बिंब रेखीव दिसते. नेत्रिका पुढेमागे सरकवणारी चाके या एकाच कामासाठी असतात. ही जागा किती अरुंद आहे याची कल्पना बहुतेकांना नसते. १५० मिलिमीटर व्यास आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतर असलेल्या दुर्बिणीत योग्य बिंदूच्या अलीकडे-पलीकडे केवळ ०.०७ मिलिमीटर एवढीच सूट असते. छपाईच्या साध्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या सुटीचा अंदाज येईल. १३० मिलिमीटर व्यास आणि ६५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या आखूड दुर्बिणीत तर ही सूट ०.०३ मिलिमीटरच्या आसपास येते. आखूड दुर्बीण नेण्या-आणण्यास सोयीची, पण फोकसच्या बाबतीत अधिक काटेकोर, असा हा व्यवहार आहे.

याच कारणाने दिवसा दूरच्या मंदिराच्या शिखरावर साधलेला फोकस रात्री चंद्रासाठी चालत नाही. एक किलोमीटरवरील वस्तू आणि चंद्र यांच्या फोकसमध्ये १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत सुमारे १.४ मिलिमीटरचा फरक पडतो. दिवसाचा सराव शोधक दुर्बीण मुख्य नळीशी जुळवून घेण्यासाठी अवश्य करावा. मात्र त्या वेळी नळी सूर्याच्या दिशेला चुकूनही वळता कामा नये. दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभर पाहिले तरी दृष्टी कायमची जाऊ शकते. लहान मुलांच्या हाती दिवसा दुर्बीण एकट्याने देऊ नये.

एक सामायिक थांबावे

दुर्बीण खोलीतून गच्चीवर नेली आणि लगेच डोळा लावला, तर बिंब उकळत्या पाण्यातून पाहावे तसे हलते. आरशाची जाड काच खोलीतील उष्णता धरून असते. ती उष्णता नळीतील हवेत मिसळत राहते, आणि गरम-थंड हवेच्या त्या प्रवाहांतून किरण वाकडेतिकडे होत येतात. अशा वेळी चाके कितीही फिरवली तरी फोकस सापडत नाही, कारण सापडण्याजोगा स्थिर फोकस त्या क्षणी नसतोच.

यावर उपाय एकच, तो म्हणजे थांबणे. १५० मिलिमीटरच्या आरशाला बाहेरच्या हवेशी जुळवून घेण्यास पाऊण ते एक तास लागतो. आपल्या घरांना ही मुदत सहज समजेल, कारण सामायिकाचा काळ ४८ मिनिटांचा, म्हणजे दोन घटिकांचा असतो. ज्या घरांत चौविहार पाळला जातो, तेथे सूर्यास्तापूर्वीच भोजन उरकलेले असते. मावळतीनंतर दुर्बीण गच्चीवर ठेवावी, नळीचे झाकण काढून तोंड किंचित खाली झुकवावे, आणि एक सामायिक करून मग वर जावे. तोवर आरसा निवलेला असतो, अंधारही दाटलेला असतो.

गच्चीवरील जागाही विचारपूर्वक निवडावी. दिवसभर तापलेली सिमेंटची गच्ची रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत असते. वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या पेटीवरून किंवा शेजारच्या पत्र्याच्या छपरावरून नजर जात असेल, तर तेथील गरम हवा बिंब हलवते. खिडकीच्या काचेतून तर कधीच पाहू नये. ती काच भिंगाइतकी निर्दोष नसते. ग्रह क्षितिजाजवळ असताना त्याचा प्रकाश हवेच्या फार मोठ्या थरातून येतो, म्हणून तो निदान ४०-४५ अंश वर येईपर्यंत वाट पाहावी. डोळ्यांना तारे फार लुकलुकताना दिसत असतील, तर ती रात्र चंद्रासाठी राखून ग्रहांचे काम दुसऱ्या रात्रीवर टाकावे.

बिंदू साधण्याची रीत

फोकस ग्रहावर न साधता जवळच्या मध्यम तेजाच्या ताऱ्यावर साधावा. तारा इतका दूर असतो की तो बिंदूसारखाच दिसायला हवा. त्यामुळे चूक चटकन कळते. आरशाच्या दुर्बिणीत फोकस फार बिघडलेला असेल, तर ताऱ्याच्या जागी मधोमध काळे भोक असलेली चकती दिसते. ते भोक म्हणजे नळीतील लहान आरशाची सावली होय. चाक सावकाश फिरवत जावे. चकती आकसत आकसत बिंदूएवढी होईल आणि चाक पुढे फिरवले की पुन्हा फुगू लागेल. मग उलट फिरवून परत यावे. असे दोन-तीनदा केले म्हणजे सर्वांत लहान बिंदू नेमका कोठे येतो याचा हाताला अंदाज येतो.

या ठिकाणी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. चाकाच्या दात्यांत थोडी मोकळीक असते, त्यामुळे दिशा बदलताना चाक फिरते पण नळी हलत नाही. म्हणून शेवटचे फिरवणे नेहमी एकाच दिशेने, शक्यतो नेत्रिकेला वर उचलणाऱ्या दिशेने करावे. वजनाने ती खाली घसरण्याचा संभव त्यामुळे उरत नाही. दुसरे असे की, चाकाला हात लागला की सारी दुर्बीण थरथरते. प्रत्येक वेळी हात काढून दोन-तीन सेकंद थांबावे आणि मगच पाहावे. चाक फार लहान असेल तर त्याला कपडे वाळत घालण्याचा चिमटा लावावा. चिमट्याचे टोक बोटाने किंचित ढकलले की चाक अगदी केसभर फिरते. जगभरातील हौशी निरीक्षक ही बिनखर्चाची युक्ती वापरतात.

तारा दृष्टिक्षेत्रातून सरकत जातो हीही नवख्यांची अडचण असते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे विषुववृत्ताजवळचा तारा चार मिनिटांत एक अंश सरकतो. सरावासाठी म्हणून ध्रुवतारा उत्तम. तो जागचा फारसा हलत नाही. मुंबई-पुण्याहून तो उत्तरेला क्षितिजापासून सुमारे १९ अंशांवर असतो. फोकस साधल्याची परीक्षा जोडताऱ्यांवर घ्यावी. विवाहप्रसंगी दाखवले जाणारे वसिष्ठ आणि अरुंधती डोळ्यांनाही वेगळे दिसतात. पण दुर्बिणीतून पाहिले तर वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांचा बनलेला दिसतो. त्या दोहोंतील अंतर सुमारे १४ विकलांचे आहे. ते दोन तारे वेगवेगळे, टोकदार दिसले तर दुर्बीण शनीसाठी तयार आहे असे समजावे.

योग्य फोकसजवळ आल्यावर चकतीतील काळे भोक मधोमध न राहता एका बाजूला सरकलेले दिसत असेल, तर मात्र आरशांची जुळवणी बिघडलेली असते. वाहतुकीतल्या धक्क्यांनी असे होते. मागच्या स्क्रूंनी ही जुळवणी करता येते. पुण्यात १९४४ पासून कार्यरत असलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था, मुंबईतील खगोल मंडळ अशा संस्थांत हे काम जाणणारी मंडळी भेटतात. मुलाला घेऊन एकदा त्यांच्या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमास जावे. अर्ध्या तासात जे हाताने शिकता येते ते पुस्तक वाचून महिनाभरात येत नाही.

पुठ्ठ्याची दोन छिद्रे

नजरेवर विसंबणे नको असेल त्यांच्यासाठी एक जुनी युक्ती आहे. जर्मन जेसुइट विद्वान क्रिस्टोफ शायनर यांनी १६१९ मध्ये डोळ्याच्या अभ्यासात दोन छिद्रांचा एक प्रयोग वर्णिला. त्याच तत्त्वावर ही युक्ती चालते. दुर्बिणीच्या तोंडावर बसेल असा पुठ्ठ्याचा गोल कापावा. त्याच्या कडेजवळ, समोरासमोर, सुमारे ३५ मिलिमीटर व्यासाची दोन छिद्रे करावीत. हे झाकण लावून तेजस्वी ताऱ्याकडे पाहिले असता फोकस चुकलेला असेल तर एकाच ताऱ्याच्या दोन प्रतिमा दिसतात. चाक फिरवत गेले की त्या जवळ येतात, आणि जेथे दोन्ही मिळून एक होतात तेथे फोकस बरोबर असतो. मग झाकण काढून निरीक्षण सुरू करावे. रशियन हौशी निरीक्षक पावेल बाख्तिनोव यांनी याहून सूक्ष्म अशी जाळी तयार केली. तिच्यातून ताऱ्याभोवती तीन प्रकाशरेषा दिसतात, आणि मधली रेषा बरोबर मध्यावर आली की फोकस साधला असे ठरते. छायाचित्रे घेणाऱ्यांना ती विशेष उपयोगी पडते.

एक दुर्बीण, अनेक डोळे

एकत्र कुटुंबात एक निराळाच प्रसंग येतो. काका फोकस साधतात, पुतण्या पाहतो आणि म्हणतो, ‘काहीच दिसत नाही.’ दोघेही खरे बोलत असतात. ज्याला दूरचे पाहण्यासाठी उणे ३ चा चष्मा आहे, त्याने चष्मा काढून पाहिले तर २५ मिलिमीटरची नेत्रिका सुमारे १.९ मिलिमीटर आत सरकवावी लागते. १० मिलिमीटरच्या नेत्रिकेला हाच फरक ०.३ मिलिमीटर पडतो. म्हणून प्रत्येकाने आपल्या डोळ्यासाठी फोकस पुन्हा साधणे हाच रास्त मार्ग होय. वडीलधाऱ्यांनी ‘मी लावून ठेवले आहे, हात लावू नकोस’ असे मुलांना सांगू नये.

चाळिशीनंतर फक्त वाचनासाठी लागणारा चष्मा दुर्बिणीपाशी काढून ठेवावा. बिंब दूरच्या वस्तूसारखेच दिसत असल्याने त्याची गरज पडत नाही. ज्यांच्या चष्म्यात सिलिंड्रिकल नंबर अधिक आहे त्यांनी मात्र चष्मा लावूनच पाहावे, कारण तो दोष चाक फिरवून भरून निघत नाही. पाहताना दुसरा डोळा घट्ट मिटू नये. तो उघडा ठेवून त्यावर हलका हात धरला की ताण पडत नाही, आणि सैल सोडलेल्या डोळ्याने साधलेला फोकस अधिक काळ टिकतो.

साधलेले टिकवणे

रात्री नऊ वाजता साधलेला फोकस अकरा वाजता बिघडलेला आढळतो. कोणी हात लावलेला नसतो. रात्र चढते तसा गारवा वाढतो आणि दुर्बिणीची नळी आकसते. १२०० मिलिमीटर लांबीची अ‍ॅल्युमिनियमची नळी तापमान १० अंशांनी उतरले तर जवळजवळ ०.२८ मिलिमीटरने आखूड होते. लोखंडी पत्र्याची नळी त्याच्या साधारण निम्म्याने. वर सांगितलेली ०.०७ मिलिमीटरची सूट आठवली की हा फरक किती मोठा आहे ते कळते. म्हणून थंडीच्या दिवसांत दर अर्ध्या-पाऊण तासाने, तसेच नेत्रिका बदलली की प्रत्येक वेळी फोकस तपासावा.

दव हा दुसरा शत्रू. नेत्रिकेवर श्वासाची वाफ बसते आणि सारे धुक्यासारखे दिसू लागते. लोकांना वाटते फोकस गेला. अशा वेळी कापडाने पुसू नये, ओरखडे उठतात. नेत्रिका काही मिनिटे खिशात ठेवली तरी वाफ उडून जाते. चातुर्मासात ढगांमुळे दुर्बीण पडूनच असते, पण काळजी त्याच महिन्यांत अधिक घ्यावी लागते. कोकणपट्टीच्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते आणि ती काचेवर कायमचे डाग पाडते. नेत्रिका हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. आरशावर थोडी धूळ बसली तर तिने बिंब बिघडत नाही. वारंवार पुसण्याने मात्र आरसा बिघडतो.

गच्चीवरील दिवे निरीक्षणाच्या वेळी बंद ठेवावेत. डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास वीस-तीस मिनिटे लागतात आणि एका दिव्याने ती क्षणात मोडते. दिव्यावर झेपावून मरणारे किडेही वाचतात, हा लाभ आपल्या घरांना वेगळा सांगावा लागणार नाही. वाटेपुरता उजेड हवा असेल तर विजेरीवर लाल कागद बांधावा.

मोठ्यांनाही चुकले आहे

स्पष्ट दिसत नाही म्हणून निराश होणाऱ्यांनी इतिहासाकडे पाहावे. गॅलिलिओने १६१० मध्ये शनीकडे दुर्बीण वळवली, तेव्हा त्याला कडी दिसली नाहीत. एका मोठ्या गोळ्याच्या दोहों बाजूंस दोन लहान गोळे आहेत असे वाटले. १६१२ मध्ये तेही नाहीसे झाले आणि तो चकित झाला. अधिक चांगली भिंगे स्वतः घासणाऱ्या ख्रिस्तियान हायगेन्स याने १६५९ मध्ये ग्रंथ लिहून सांगितले की ते कडे आहे आणि काही वर्षांनी ते आपल्याला कडेवरून दिसते, म्हणून अदृश्य होते. सुमारे पंधरा वर्षांनी असा योग येतो. मार्च २०२५ मध्ये तो येऊन गेला, आणि त्यानंतर कडी पुन्हा हळूहळू उघडत आहेत. तेव्हा सध्या ती बारीक दिसली तर दोष दुर्बिणीला देऊ नये.

याहून बोधप्रद हकीकत हबल दुर्बिणीची आहे. २४ एप्रिल १९९० रोजी ती अंतराळात गेली आणि काही आठवड्यांतच कळले की तिचा फोकस नीट लागत नाही. २.४ मीटर व्यासाचा आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रॉनने, म्हणजे केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाएवढा, अधिक सपाट घासला गेला होता. आरसा घासण्यात हयगय झाली नव्हती. ज्या उपकरणाने तो मोजला, त्यातील एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसले होते. इतर साध्या चाचण्यांनी ही चूक दाखवली होती, परंतु मुख्य उपकरणावर विश्वास ठेवून त्या बाजूला सारल्या गेल्या. दोन वह्यांतील जमा जुळत नसताना एक वही खरी मानून पुढे जाणाऱ्या पेढीसारखाच हा प्रकार झाला. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्तीचे लहान आरसे व नवा कॅमेरा बसवला, आणि तेव्हापासून हबलची चित्रे जगाला परिचित झाली. गच्चीवरही हाच नियम पाळावा. फोकस एकदा नजरेने साधावा, एकदा पुठ्ठ्याच्या झाकणाने तपासावा, आणि दोन्ही जुळले तरच पुढे जावे.

आरंभ शुक्ल अष्टमीला करावा. त्या संध्याकाळी अर्धा चंद्र डोक्याजवळ असतो, आणि उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात. पौर्णिमेला सावल्याच नसल्याने चंद्र सपाट दिसतो. सूर्य, चंद्र, ग्रह, नक्षत्रे आणि तारे हे ज्योतिष्कांचे पाच भेद पाठशाळेत जाणाऱ्या मुलांना तोंडपाठ असतात. त्यांतील चार याच गच्चीवरून रात्री पाहता येतात. ती पाठ केलेली नावे आपल्या हाताने एकेक करून रेखीव पाहण्याची संधी मुलांना मिळावी, आणि त्यासाठी घरातील एखाद्या मोठ्या माणसाने महिन्यातून दोन संध्याकाळी त्यांच्याशेजारी न कंटाळता बसावे, एवढेच या उपकरणाचे मागणे आहे.